अर्धी डोंबिवलीत, अर्धी कोलशेतला

माझ्या दोन भावांकडे मिळून एक मोठी पेटी भरेल एवढी जुनी कॉमिक्स आहेत, आणि गेल्या वीसेक वर्षांत त्यातली एकही लांबलचक गोष्ट कोणाला शेवटपर्यंत वाचता आलेली नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, वाळवी लागली असेल, नाहीतर भावाभावांत वाजलं असेल. तसं काही झालं नाही. आमच्या घरचा सभ्यपणा आडवा आला, दुसरं काय.

तो सभ्यपणा आईने लावलेला. कोणाकडे जायचं ठरलं की निघताना दारातच तिचा पाठ सुरू व्हायचा. कोणी काही पुढे केलं तर पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदाही ‘नको’, तिसऱ्यांदा आग्रह झाला तरच घ्यायचं. डोंबिवलीतले पुष्कळसे यजमान दुसऱ्या ‘नको’वर थांबणारे निघाले. आम्ही उपाशी पोटी आणि उत्तम संस्कार घेऊन घरी यायचो. मी या शाळेत नापास झाले. पहिल्याच फेरीत हात पुढे करायचे, त्यामुळे घरात माझी ख्याती हावरट अशी आहे आणि ती मला मान्य आहे. दादा मात्र पहिल्या नंबराने पास झाला. पंगतीत जिलबीला ‘नको’ म्हणून वाढप्याच्या पाठीकडे बघत बसलेला माझा मोठा भाऊ मी स्वतः पाहिलाय. धाकटा दादाचं बघून शिकला, म्हणजे दुप्पट बिघडला.

धाकट्याचं लग्न झालं, त्याने कोलशेतला जागा घेतली, तेव्हा बाबा म्हणाले, मी बसलोय तोवर घरातल्या सामानाची वाटणी करून टाका, मागाहून तोंडं वाकडी नकोत. तोंडं वाकडी होणार कशी? शिलाई मशीन तू घे, नको, तूच घे. पितळेचा डबा तुला, छे छे, तुझ्याकडेच बरा. दुपारभर दोघे एकमेकांच्या अंगावर वस्तू ढकलत होते. शेवटी उरली कॉमिक्सची पेटी, आणि ढकलाढकल थांबली, कारण ती दोघांनाही हवी होती. दादाने शाळेत असल्यापासून रद्दीवाल्याकडून, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून, मित्रांशी अदलाबदल करून ती जमवली होती. धाकट्याला तर अक्षरओळख होण्याआधी त्यातला प्रत्येक खलनायक ओळखता यायचा. ‘सगळी मला दे’ असं एकाने म्हटलं असतं तर दुसऱ्याने हसत दिली असती. पण म्हणणार कोण? दादाने मांडी घातली, पेटी उघडली आणि पत्ते वाटावेत तशी कॉमिक्स वाटायला घेतली. एक मला, एक तुला.

पेटी दादानेच लावलेली, म्हणजे आत सगळं क्रमवार. आणि त्या काळातल्या बऱ्याच गोष्टी भागाभागांत यायच्या. नायक कड्याला लोंबकळायला लागला की खाली चौकटीत ‘पुढील भागात’. मी तिथेच बसून बोंबलले, “अरे, गोष्टी तुटतायत!” दादा म्हणाला, “असू दे गं. बरोबरीत झालं ना?” धाकट्यानेही मान डोलावली. झालं. तेव्हापासून दादाकडे माणसं कड्याला लोंबकळतायत, आणि धाकट्याकडे तीच माणसं सुटून येतायत, पण कशातून सुटली ते कळायला मार्ग नाही.

बरं, वाचायची नाहीत तर नाहीत, पण सांभाळायची हौस दोघांना दांडगी. आणि दोघांचे मार्ग निराळे.

दादाचं घर डोंबिवलीतच, तळमजल्यावर, मागे गटार, आतल्या खोलीच्या भिंतीला बारा महिने ओल. त्याने कॉमिक्ससाठी सरळ धान्याची पद्धत उचलली. वर्षाचे गहू भरताना कडुलिंबाचा पाला घालतात, तर पेटीतही कडुलिंबाचा पाला. शालूच्या घडीत वेखंड ठेवतात, तर कॉमिक्सच्या मध्येही वेखंड. वरून डांबराच्या गोळ्या. आणि मे महिन्यात वहिनी गच्चीवर कुरडया घालायची त्याच दिवशी शेजारच्या चादरीवर कॉमिक्स पसरलेली, आणि दोन्हींची राखण करायला दादा छत्री उघडून बसलेला. त्या उन्हाने बुरशी जायची हे खरं, पण रंगही जायचे. लालभडक कोट घालणारा एक दरोडेखोर होता. काही उन्हाळ्यांत तो गुलाबी झाला आणि त्याची भीती वाटेनाशी झाली. कागद असा कडक झाला की पान उलटलं की कोपरा हातात. शिवाय पाला नीट सुकवायचा धीर नाही, त्यामुळे पाल्याचीच ओल पेटीत धरायची. मी एकदा तसं म्हटलं, तर दादा म्हणाला, “गहू टिकतात ना?” मी म्हटलं, “गव्हाला चित्रं नसतात.” तो मुद्दा त्याने विचारात घेतला नाही.

धाकट्याला हा सगळा अडाणीपणा वाटायचा. त्याचा फ्लॅट एकोणिसाव्या मजल्यावर, खाडीकडे तोंड करून. त्याच्याकडे सगळं हवाबंद. प्रत्येक कॉमिक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला चिकटपट्टी, पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यांत, आणि डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या. या पुड्यांसाठी त्याने अख्खी सोसायटी कामाला लावली होती. कोणी बूट घेतले, कोणी पर्स घेतली, की आतली पुडी याच्या दारात. हातोहाती फिरून याच्यापर्यंत पोचेपर्यंत ती पुडी हवेतलं पाणी पिऊन कधीच तृप्त झालेली असायची, हे साहेबांच्या गावीही नव्हतं. आणि पॅकिंगची हुक्की यायची ती जुलैत, पावसामुळे घरी बसावं लागलं की. म्हणजे खाडीवरची सगळी दमट हवा कागदाबरोबर आत आणि वरून झाकण गच्च. एकदा बंद केलेला डबा उघडायचा नाही, हवा लागते, असा त्याच्या घरात नियम होता.

मी राहते कल्याणला. दोघांच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या. दादा म्हणायचा, “तो त्यांना गुदमरवतोय बिचाऱ्यांना.” धाकटा म्हणायचा, “ताई, दादा पापड करतोय त्यांचे.” दोघेही शेवटी सांगायचे, त्याला बोलू नकोस हं, वाईट वाटेल. मी लगेच फोन करून बोलायचे.

मागच्या वर्षी दादाची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं नक्की झालं आणि त्याला तेवढ्या काळापुरत्या भाड्याच्या दोन खोल्या घ्याव्या लागल्या. सामान आवरताना वहिनीने पेटी उघडली. पावसाळा संपत आला होता. पेटीच्या तळाशी पांढरी बुरशी पसरलेली, कव्हरांवर करडे ठिपके आणि वास असा की वहिनी खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. ती तशी सोशिक बाई आहे, पण तिने तिथूनच जाहीर केलं, “भाड्याच्या जागेत एक तर ही पेटी जाईल, नाहीतर माझी भांडी. दोन्हीला जागा नाही, आणि भांड्यांना वास येत नाही.”

दादाचा मला फोन आला. आवाज अगदी साधा ठेवलेला. “तुझ्या ओळखीचा एखादा रद्दीवाला आहे का गं? म्हणजे जरा बरा. हळू हाताळणारा.”

हळू हाताळणारा रद्दीवाला शोधणारा माणूस आहे हा. मी म्हटलं, “धाकट्याला विचार की. त्याची एक खोली नुसती पडून आहे.”

“छे, त्याला कशाला अडचणीत टाकायचं? आणि वाटणी झाली ना एकदा. आता माझं ओझं त्याच्या घरात नेऊन ठेवणं बरं दिसत नाही.”

मी फोन ठेवला आणि धाकट्याला लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. “अरे यार,” तो म्हणाला, “दादाने विचारलं तर मी आत्ता गाडी काढतो. पण तो विचारत नाही ना. मी आपणहून बोललो तर त्याला वाटेल, याचा पहिल्यापासून डोळा होता.”

“म्हणजे तुम्ही दोघं नको नको करत बसा. रद्दीवाला पहिल्या फेरीत घेऊन जाईल.”

“आणि ताई, एक सांगू? बुरशी पसरते हां. डायरेक्ट माझ्या डब्यांच्या बाजूला नाही ठेवता येणार. आधी थोडे दिवस कुठेतरी वेगळी ठेवायला पाहिजेत.”

“कुठे?”

मी माझ्या समोरच्या खोलीकडे बघितलं. तिसरा मजला, दोन्ही बाजूंना खिडक्या, वारा आरपार. मी म्हटलं, ठीक आहे, रविवारी दादाला पेटी घेऊन यायला सांगते. तूही ये, आणि तुझा एक डबा घेऊन ये, नीट ठेवणं म्हणजे काय ते दादाला दाखव. हे ऐकून तो खूश झाला.

रविवारपर्यंत पाऊस गेला होता आणि ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडायला लागलं होतं. दादा रिक्षातून आला, पेटी मांडीला लावून. पेटी उघडली तसा तो कुबट वास घरभर झाला. शेजारच्या काकूंनी दार उघडून बघितलं आणि नाक दाबून परत लावून घेतलं. धाकट्याने तोंडाला मास्क लावला, हातात मोजे घातले आणि चेहऱ्यावर अशी सहानुभूती आणली की मला त्याला एक लगावावीशी वाटली. ओल म्हणजे काय, हवाबंद म्हणजे काय, यावर त्याने दादाला समजेल अशा सोप्या भाषेत बरंच सांगितलं. दादा मान खाली घालून ऐकत होता. मग धाकट्याने आपला डबा पुढे ओढला आणि झाकण उघडलं.

आंबट वास आला. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब होते. त्याने वरची पिशवी काढली तर ती आतून धुरकटलेली, आणि कॉमिक बाहेर काढलं तर मधली पानं एकमेकांना चिकटून त्यांचा पुठ्ठा झालेला. धाकट्याचा चेहरा मास्कच्या वरून जेवढा दिसत होता तेवढा पडला. त्याने झाकण पटकन परत लावलं.

दादाला संधी होती. वीस वर्षांतली एकमेव. तो म्हणाला, “प्लॅस्टिकचा वास असेल.”

मी हसले. हसू आवरेचना. मग दोघेही माझ्यावर चिडले आणि त्या निमित्ताने का होईना, एकाच बाजूला आले.

मग मी सूत्रं हातात घेतली. मी काही यातली जाणकार नाही. थोडं वाचलं, थोडं विचारलं, बाकी घर चालवून आलेली अक्कल. धाकट्याला सांगितलं, तुझे सगळे डबे उघड, प्लॅस्टिक फेक, आणि पुढच्या रविवारी कॉमिक्स कापडी पिशव्यांत घालून आण. दादाला सांगितलं, पाला, वेखंड, गोळ्या सगळं बाहेर, आणि उन्हात काहीही जाणार नाही. खोलीत चादर अंथरली, त्यावर कॉमिक्स अर्धवट उघडून उभी केली आणि पंखा बारीक ठेवला. सावलीत, वाऱ्यावर, घाई न करता. पूर्ण सुकल्याशिवाय बुरशीला हात लावायचा नाही, ओली असताना पुसली की ती कागदात शिरते. सुकल्यावर एकेक गॅलरीत न्यायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि मऊ ब्रशने एकाच दिशेने हलके झाडायचं. धाकट्याला ब्रश दिला तर तो भिंत रंगवल्यासारखा फिरवायला लागला. त्याला मी दादाच्या हाताखाली दिलं.

वासाचं काम वेगळं. मोठ्या डब्यात तळाशी वाटीत खायचा सोडा, दुसऱ्या वाटीत कोळसा, वर जाळी आणि जाळीवर कॉमिक्स, सोड्याला न टेकता. झाकण लावून काही दिवस विसरून जायचं. मग नाकाची परीक्षा. नाक अर्थातच माझं. मी सोफ्यावर बसायचे, दोघे एकेक कॉमिक माझ्यापुढे धरायचे आणि मी निकाल द्यायचे. हा पास. हा पुन्हा बसेल. यात काय वास येतोय, म्हणून दादा एकदा वाद घालायला लागला. मी त्याला सांगितलं, वीस वर्षं डांबराच्या गोळ्यांशेजारी राहिलेल्या माणसाने वासावर बोलू नये.

असे कितीतरी रविवार गेले. दर वेळी मला वाटायचं, आज विषय निघेल. वहिनीने रद्दीचा विषय तूर्त मागे ठेवला होता, पण भाड्याच्या जागेत पेटीला मज्जाव कायम होता. घर बदलायची वेळ जवळ येत होती. दादा ब्रश फिरवायचा, चहा प्यायचा, धाकट्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “चला, निघतो.” धाकटा चप्पल घालताना घुटमळायचा आणि म्हणायचा, “नीट जा, दादा.” मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटायची.

शेवटच्या रविवारी सगळी कॉमिक्स पास झालेली, चादरीवर मांडलेली. कोणाचं कुठलं हे न बघता मी ती गोष्टींप्रमाणे लावली होती. दादाने चष्मा लावला, त्यातला एक पहिला भाग उचलला आणि सावकाश वाचला. शेवटी एका गुप्तहेराला दीपगृहात बांधून ठेवलंय आणि खालून भरतीचं पाणी चढतंय. पुढील भागात. दादाने पुढचा भाग बघितला. तो धाकट्याच्या डब्यातला, मधली पानं चिकटलेला.

“ते उघडत नाही, दादा,” धाकटा खालच्या आवाजात म्हणाला. “मी ट्राय केलं, फाटायला लागलं. सॉरी.”

“ओढू नकोस,” दादा म्हणाला. आणि ते न उघडता, तसंच मांडीवर ठेवून, त्याने सांगायला सुरुवात केली. पाणी कंबरेपर्यंत येतं. गुप्तहेराच्या हातापायांना दोर, पण वरून दिव्याची साखळी लोंबतेय. तो ती दातात धरतो आणि झटका देतो. दिवा विझतो. काठावरच्या कोळ्यांना दिसतं, आज दीपगृह काळं आहे, म्हणजे काहीतरी बिघडलंय. ते होड्या काढतात. दादा कोळ्यांचा आवाज वेगळा काढत होता, खलनायकाचा घोगरा वेगळा. कुठल्या चौकटीत काय चित्र आहे तेही सांगत होता. तेव्हा मला आठवलं. धाकट्याला वाचता येत नव्हतं त्या वर्षांत दादा शाळेतून आला की पहिलं काम हेच करायचा, त्याला पुढ्यात घेऊन कॉमिक वाचून दाखवायचा. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. पाठ होणार नाही तर काय.

दादा चष्मा पुसायला थांबला. हाताखाली अख्खं ऑफिस असलेला, केस पिकलेला माझा धाकटा भाऊ पुढे सरकून म्हणाला, “मग?”

दादाने गोष्ट पूर्ण केली. मग चादरीकडे बघत तो म्हणाला, “माझ्याकडे जागा नाही रे. माझी पण तुझ्याकडे ठेवशील?”

माझ्या दादाने स्वतःसाठी काही मागितलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्याचे कान लाल झाले होते. त्या क्षणी चेष्टा करायचं मला सुचलंही नाही.

“चल,” धाकटा उठलाच. “आत्ताच नेऊ.”

आम्ही तिघं त्याच्या गाडीतून कोलशेतला गेलो, मागच्या सीटवर मी, पेटी आणि धाकट्याच्या कापडी पिशव्या. धाकट्याने आतल्या, कोरड्या भिंतीचं कपाट आधीच रिकामं करून ठेवलं होतं. त्याने डबे बाहेर काढले, धुऊन पुसून ठेवलेले, झाकणांना माझ्या हुकमावरून भोकं पाडलेली. दादाने पहिला डबा जवळ ओढला. त्यातली कॉमिक्स तर आमच्याजवळ पिशव्यांत होती, पण डबा रिकामा नव्हता. आत पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे उभे होते, कॉमिकच्याच मापाने कापलेले. प्रत्येकावर गोष्टीचं नाव आणि खाली नंबर. भाग पहिला. भाग तिसरा. भाग पाचवा. दादाकडच्या एकूण एक भागाचा एकेक पुठ्ठा. शाई जुनी होऊन तपकिरी पडली होती.

“हे काय रे?” दादाने विचारलं.

“काही नाही. मधे सपोर्ट नसला की कॉमिक्स झुकतात.” धाकटा खिडकीबाहेर बघत होता. “इकडे राहायला आलो तेव्हाच केलेले.”

दादा एकेका पुठ्ठ्यावरून बोट फिरवत सगळे नंबर वाचत गेला. मग पलंगावर बसला, पेटी उघडली, दीपगृहाचा पहिला भाग काढला आणि त्या नंबराचा पुठ्ठा उचलून त्याच्या जागी तो भाग उभा केला.

“दुसरा दे,” तो म्हणाला.